उदयमामांना कोरडं परत आणायची मोहीम

मोहिमेचा उद्देश तसा साधा होता. उदयमामांना वेल्सच्या समुद्रात कयाकवर बसवायचं, खडकांच्या रांगेपलीकडे न्यायचं, त्यांच्या हातून एक जिवंत, तडफडणारा पोलॅक मासा पकडवायचा आणि त्यांना घरी परत आणायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं फक्त दोघींना वाटत होतं. एक मंजिरीमामी आणि दुसरी ऋजुता. उरलेली मोहीम, म्हणजे खुद्द मामा आणि ऋजुताचा नवरा परीक्षित, यांचा सगळा जीव त्या न पकडलेल्या माशात!

उदयमामा हे परीक्षितचे सख्खे मामा. मूळचे देवगडचे. लहानपणी शाळा बुडवून खडकावर गळ टाकून बसणारा हा माणूस पुढे नोकरीसाठी वॉटफर्डला आला आणि तिथेच मुरला, आणि मग उभी हयात फ्रोझन बांगड्यावर काढली. रिटायर झाल्यावर हृदयात स्टेंट बसला. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्याच त्यांनी जाहीर केलं, की या देशाच्या समुद्रातून एक तरी मासा आपल्या हाताने काढल्याशिवाय आपण काही जायचो नाही. डॉक्टरांनी वर्षभराने हरकत नाही म्हणून सांगितलं. मामींनी मात्र साफ हरकत घेतली. घरात अबोला झाला, तो मिटला, पुन्हा झाला. शेवटी मामींनी मिल्टन कीन्सला ऋजुताला फोन लावला.

"तू बरोबर असशील तर जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "पण मला ते कोरडे परत हवेत. त्या गार पाण्यात यांचं हृदय एकदा दचकलं तर..."

ऋजुताने शब्द दिला आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

ऋजुता सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि खरं सांगायचं तर स्वभावही. कयाक क्लबात जायला लागून तिला बरीच वर्षं झाली होती. उलटलेल्या माणसाला पुन्हा कयाकवर कसं चढवायचं याचं रीतसर शिक्षण तिने घेतलं होतं. त्या शिक्षणातली पहिलीच गोष्ट अशी, की कपडे हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे. मे महिन्यात वेल्सच्या किनाऱ्यावर ऊन मस्त पडतं, लोक आइसक्रीम खातात, आणि त्याच वेळी समुद्राचं पाणी जेमतेम दहा अंशांवर असतं. अशा पाण्यात माणूस पडला, की पहिल्याच मिनिटात छाती आवळते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं की संपलं. पोहता येतं की नाही हा प्रश्नच येत नाही.

इतकी सरळ गोष्ट. पण ती या दोन पुरुषांच्या गळी उतरवता उतरवता तिच्या नाकी नऊ आले!

आधी मामांनी वेडर्स आणले. म्हणजे छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार, नदीत उभं राहून मासे धरणारे घालतात ती. वॉटफर्डच्या कुठल्याशा मित्राने दिली होती. मामा ती घालून ऋजुताच्या हॉलमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, बघ, एक थेंब आत येणार नाही. ऋजुताने विचारलं, वरून आला तर? मामा म्हणाले, वरून कसा येईल? ती म्हणाली, मामा, तुम्ही उलटलात की वरची बाजू खालीच असते. मग ही विजार पाण्याने भरेल आणि तुम्हाला कयाकवर ओढून घ्यायला क्रेन लागेल. मामांना ते पटलं नाही. पण मामींनी वेडर्स परस्पर चॅरिटी शॉपला देऊन टाकले आणि तो विषय संपला.

मग परीक्षितची पाळी. परीक्षितने तरुणपणी सह्याद्री पालथा घातला होता, आणि त्या सह्याद्रीने ऋजुताला लग्नानंतर जेवढं छळलं तेवढं सासूनेही छळलं नव्हतं. भर पावसात जीन्सवर आम्ही हरिश्चंद्रगड केला, साधी शिंकसुद्धा आली नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. जीन्स सुती असते, सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगातली सगळी ऊब शोषून घेतं, हे तिने समजावलं. तो म्हणाला, अगं पण आम्हाला काही झालं का? तिने हात टेकले आणि त्याला न विचारता त्याच्या मापाचा, भिजला तरी ऊब धरणारा जाड रबरी वेटसूट मागवला.

तसा परीक्षित कामाचा माणूस. घरात काही कुरकुरलं, अडलं, वाळलं, की हा तेलाची बाटली घेऊन हजर. दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, कुकरची रिंग, सगळ्यांचं तेलपाणी त्याच्याकडे. ऋजुताच्या बोलण्याकडे मात्र त्याचं अर्धंच लक्ष असायचं. ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या अंगभर सूटच्या, गळ्यापाशी आणि मनगटांपाशी पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, त्या पाणी अडवतात, म्हणून त्या रबराची काळजी घ्यायची, असं ती मामांना समजावत होती तेव्हा परीक्षित सोफ्यावर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. काळजी घ्यायची एवढंच त्याच्या कानावर पडलं. काळजी कशी घ्यायची नाही, हे तिने पुढच्या वाक्यात सांगितलं होतं, तोवर तिकडे विकेट पडली होती.

मामांसाठी तिने लाल रंगाचा ड्रायसूट भाड्याने घेतला. ड्रायसूट माणसाला कोरडा ठेवतो, पण ऊब देत नाही. ऊब आतल्या कपड्यांनी द्यायची. तिथे मामींनी स्वतः विणलेला, कोपरांना ठिगळं लावलेला लोकरीचा स्वेटर पुढे केला, आणि या सगळ्या मोहिमेत ऋजुताला पहिल्यांदाच कुणाला तरी शाबासकी द्यावीशी वाटली. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरते. स्वेटर पास! नापास झालं ते मामांचं सुती बनियन. ते काढायचं आणि त्या जागी पातळ लोकरी बनियन घालायचं, असं तिने फर्मावलं. मामांनी तोंड एवढंसं केलं. बनियनशिवाय घराबाहेर पडायचं म्हणजे त्यांना लाज सोडल्यासारखं वाटत होतं.

एप्रिलभर दर शनिवारी तिने दोघांना मिल्टन कीन्सच्या तळ्यात नेऊन उलटवलं. हो, मुद्दाम उलटवलं. मामा गार पाण्यात पडायचे, धडपडायचे आणि लगेच कयाकला लटकायला बघायचे. ती काठावरून ओरडायची, "मामा, पहिलं मिनिट काही करायचं नाही! फक्त तरंगायचं. श्वास सोडायचा. श्वास ताळ्यावर आला की मग बाकीचं." मामा बाहेर येऊन चिडायचे. बुडणाऱ्याला काही करू नकोस म्हणणारी ही पहिलीच मास्तरीण, असं त्यांनी मामींना जाऊन सांगितलं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग तिने तेच वाक्य इतक्यांदा ऐकवलं, की ते मामांना पाठ झालं.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत, रविवारी मोहीम लिन द्वीपकल्पावरच्या एका छोट्या खाडीत पोहोचली. काय दिवस होता! आभाळ निळंशार, पाणी काचेसारखं, गवतावर मेंढ्या लोळत पडलेल्या. वाळूत हाफ पँट घातलेली गोरी मंडळी, आणि त्यातले दोघे तर उघड्या अंगाने कयाक पाण्यात ढकलत होते. परीक्षितने त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि बायकोकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं ऋजुताला शंभर वाक्यांपेक्षा झोंबलं.

"त्यांच्या मामींनी मला फोन केलेला नाही," ती म्हणाली आणि वेटसूट त्याच्या अंगावर फेकला.

मग कपड्यांचा कार्यक्रम. मामांना सूटमध्ये घालणं म्हणजे उशीला लहान अभ्रा घालण्यासारखंच. डोकं गळ्याच्या रबरातून बाहेर यायला तयार नाही, आतून दबक्या आवाजात मालवणीत शिव्या. एकदाचं डोकं आलं. स्वेटर आहे का? आहे. बनियन काढलं का? सगळं तू सांगितल्याप्रमाणे, असं मामा तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले. चेन पूर्ण लावली का? परीक्षितने दोनदा ओढून बघितली. मग तिने दोघांना गळ्याइतक्या पाण्यात बसवून उठवलं. मामांच्या सूटमध्ये एक थेंब गेला नाही. पण या सगळ्यात इतका वेळ मोडला, की ओहोटी लागायची वेळ जवळ आली, आणि ऋजुता आधीच कावलेली. तिने घाईघाईने केस टोपीत कोंबले आणि आपला निळा ड्रायसूट चढवला. गेल्या हिवाळ्यात घेतलेला हा सूट गळ्याला फार आवळतो म्हणून ती घरी कितीदा तरी कुरकुरली होती. आज मात्र डोकं कसं अलगद बाहेर आलं. खोबरेल तेलाचा वास आला. शुक्रवारी केसांना तेल लावलं होतं, त्याचा असेल, असं तिला वाटलं.

दोघांना पाण्यात बसवून बघणारी ही टेस्टर स्वतः मात्र पाण्यात बसली नाही. मार्चमध्ये बघितला होता की सूट!

निघाले. पुढे ऋजुता, मधे मामा, मागे परीक्षित. या मासेमारीच्या कयाक म्हणजे रुंद, जड होड्याच. माणूस वर उघड्यावर बसतो, मागे रॉड उभे करायला जागा असते. वल्ही चुबुक चुबुक करत होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला, हिरव्याचा काळा झाला. उजवीकडे खडकांची रांग, तिच्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळत बसलेले. एक सील डोकं वर काढून तिघांकडे बघून गेला. मामांनी वल्हं थांबवलं आणि त्याला हात जोडून नमस्कार केला. ऋजुताला हसू आलं. किती दिवसांनी!

रांगेपलीकडे मामांनी गळ सोडला आणि हा माणूस बदललाच. बडबड बंद. बोटावर दोरी, मान थोडी कलती, डोळे अर्धे मिटलेले. कितीतरी वेळ गेला. परीक्षितला काही मिळालं नाही. ऋजुताने गळ टाकलाच नव्हता, ती आभाळाकडे आणि मामांकडे आळीपाळीने बघत होती. जमिनीकडून येणारा वारा जरासा वाढला होता. पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या होत्या. आता परत फिरू, असं तिने म्हणायला आणि मामांचा रॉड कमानीसारखा वाकायला एकच गाठ पडली.

"आला!" मामा एवढंच म्हणाले.

मासा मोठा होता. तो सरळ खाली गेला. रीळ किंचाळलं. मामांची कयाक जागच्या जागी फिरली. मामांनी ढील दिली, ओढलं, पुन्हा ढील दिली. वयाची सगळी वर्षं त्यांच्या अंगावरून गळून पडली होती. एकदा पाण्यात खोल कुठे तरी तांबूस पिवळी पाठ चमकली आणि परीक्षितने आरोळी ठोकली. ऋजुता ओरडत होती, मामा, झुकू नका, मधे बसा! पण ऐकतंय कोण! मासा कयाकच्या खालून पलीकडे गेला. मामा त्याच्या मागे झुकले. कयाक एका अंगावर उभी राहिली.

आणि मामा पाण्यात!

त्यांचं हृदय, त्यांचा स्टेंट, मामींचा आवाज, सगळं एकदम ऋजुताच्या डोक्यात आलं. तिने वल्हं मारलं. पाण्यावर नुसती टोपी तरंगत होती. मग लाल सूट बुडबुड्यासारखा वर आला. पाठोपाठ मामांचा चेहरा. तोंड उघडं, डोळे मोठे. ते कशालाही लटकले नाहीत, धडपडले नाहीत. उताणे पडले, हात पसरले आणि फू फू करत श्वास सोडायला लागले. तळ्यात शिकवलेलं जसंच्या तसं!

ती त्यांच्या कयाकला जाऊन भिडली. ती सरळ केली, घट्ट धरली. मामा, आता पाय मारा, पोटावर या. मामांनी पाय मारले. अर्धे वर आले, घसरले. पुन्हा मारले. तिने त्यांच्या लाइफजॅकेटचा पट्टा धरून जीव खाऊन ओढलं आणि मामा पोत्यासारखे आपल्या कयाकवर आडवे आले. कोरडे! आतून ठणठणीत कोरडे! तिला एवढा आनंद झाला की ती क्षणभर स्वतःचा तोल विसरली.

तेवढ्याने घात केला. रॉड मामांच्या कयाकला दोरीने बांधलेला होता आणि मासा अजून गळालाच होता. तो ताण घेऊन तिच्या कयाकखालून गेला, त्याच वेळी वाऱ्याची एक लाट आली, आणि ऋजुता उलटली.

पाण्यात शिरताना गळ्यापाशी काहीतरी सुटलं. आवाज झाला नाही. नुसतं सुटलं, आणि बर्फासारखं पाणी मानेवरून पाठीत, पाठीवरून पोटात, पोटातून थेट पायांच्या बोटांपर्यंत धावत गेलं. ऋजुता वर आली आणि तिला श्वास घेता येईना. म्हणजे श्वास नुसता आत येत होता. बाहेर जातच नव्हता. हां, हां, हां, असा आवाज होत होता आणि तो आपला आहे हे तिला कळत नव्हतं. इतकी वर्षं घेतलेलं सगळं शिक्षण त्या पाण्यात विरघळून गेलं. ती कयाकवर झडप घालत होती. हात घसरत होते. सूट पाण्याने भरत चालला होता. पायांत दोन हंडे बांधल्यासारखं जड झालं. त्यातच माशाची दोरी घोट्याला वेढा घालून आवळली.

"ऋजुता." आवाज अगदी शांत होता. मामा पोटावर आडवे पडून तिच्या लाइफजॅकेटचा पट्टा मुठीत धरून होते. त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता. "पहिलं मिनिट काही करायचं नाही. फक्त तरंगायचं. श्वास सोडायचा. सोड. मी धरलंय तुला."

तिने श्वास सोडला. अर्धा सुटला.

"अजून सोड. माझ्याबरोबर सोड. फू..."

मामा फू फू करत राहिले आणि ती त्यांच्या बरोबर सोडत राहिली. छातीवरची पकड हळूहळू ढिली झाली. डोळ्यांना पुन्हा दिसायला लागलं. परीक्षित तिच्या वाहत चाललेल्या कयाकच्या मागे वल्हं मारत सुटला होता.

"होडी जाऊ दे!" मामा त्याच्यावर खेकसले. "आधी बायको धर!"

परीक्षित वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामांनी दुसऱ्या हाताने लाइफजॅकेटवरची सुरी काढली. पाण्यात दोरी ताठ झालेली दिसत होती, आणि तिच्या टोकाला तो मासा, त्यांच्या सगळ्या वर्षांचा मासा, अजून ओढत होता. मामांनी दोरीकडे पाहिलं सुद्धा नाही. एका फटक्यात कापली. ऋजुताचा पाय मोकळा झाला.

तिला परीक्षितच्या कयाकवर घ्यायला दोघांना लागावं लागलं. सूटचे पाय पाण्याने टम्म फुगले होते. एकाने ओढायचं, एकाने ढकलायचं, दोनदा ती मागे पडली. तिसऱ्यांदा परीक्षितने असा काही हिसडा दिला की ती त्याच्या मांडीवर येऊन आपटली. तिने आपला रेडिओ त्याच्या हातात दिला. बटण दाबायची ताकद तिच्यात उरली नव्हती. परीक्षितने कोस्टगार्डला हाक दिली. कुठे आहोत, किती जण, काय झालं, सगळं नीट सांगितलं. म्हणजे ती सांगायची तेव्हा तो अगदीच क्रिकेट बघत नसावा. पलीकडून उत्तर आलं, बोट निघतेय, पण आडोशाचा किनारा जवळ असेल तर थांबू नका, तिकडे चला.

वारा तोंडावर होता. दोघे वल्ही मारत होते. ऋजुता परीक्षितच्या पाठीला चिकटून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. हात असे झाले होते की ते कुणा दुसऱ्याचे असावेत. मामा शेजारून एकसारखे बोलत होते. देवगडच्या खडकांचं, तिथल्या शाळेतल्या मास्तरांचं, कसलंही. मधेच विचारायचे, ऋजुता, ऐकतेयस ना? तिने हो म्हटलं नाही तर पुन्हा विचारायचे. खडकाच्या सोंडेमागे वारा पडला. गोट्यांचा एक लहानसा किनारा समोर आला. कयाकच्या बुडाला गोटे लागल्याचा खरखराट तिला आयुष्यात एवढा गोड कधी लागला नव्हता.

कोस्टगार्डची माणसं चढण उतरून आली तोवर मामांनी चेन उघडून सूट कमरेपर्यंत खाली केला होता आणि मामींचा स्वेटर डोक्यातून काढला होता. ब्लँकेटच्या आडोशाला ऋजुताचे ओले कपडे उतरवले गेले आणि तो स्वेटर तिच्या अंगात आला. लोकर मामांच्या अंगाच्या उबेने अजून गरम होती. कोस्टगार्डच्या एका बाईने गोड चहा दिला, नाडी बघितली. जरा वेळ बसा, मग आम्ही बघू, असं सांगून ती सहकाऱ्यांकडे गेली. लाइफबोटीने तेवढ्यात वाहून गेलेली कयाक शोधून आणली.

हुडहुडी जराशी उतरल्यावर ऋजुताने आपला निळा सूट पुढे ओढला. गळ्याचं रबर उभं फाटलं होतं. तिने ते बोटांत धरलं आणि ते चघळलेल्या च्युइंगमसारखं लांबलं, चिकटलं. तिने नाकाशी नेलं. खोबरेल तेल! आणि केस तर टोपीत होते, ते या रबराला कधी लागलेच नव्हते.

ती परीक्षितकडे बघत राहिली. परीक्षित आधी समजला नाही. मग समजला.

"मी दर रविवारी लावत होतो," तो म्हणाला. "गळ्याला आवळतं म्हणायचीस ना. कुकरच्या रिंगला लावतो तसंच. मऊ राहावं म्हणून."

ऋजुताच्या डोक्यात तिडीक गेली. तेलाने हे रबर सडतं, अरे सडतं, हे तिने आपल्याच हॉलमध्ये, याच माणसाच्या समोर बसून सांगितलं होतं! तिने तोंड उघडलं. पण परीक्षितची हनुवटी थरथरत होती, आणि तिला आठवलं, की मार्चनंतर तिने हा सूट पाण्यात एकदाही तपासला नव्हता. ती दिवसभर इतरांना तपासत राहिली होती. शिव्या घालायचा तिला पूर्ण हक्क होता आणि तिने त्या घातल्याही, अगदी मनापासून, चहा संपेपर्यंत. पण त्या घालताना तिचा एक हात त्याच्या हातात होता आणि तो तिने काढून घेतला नाही.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विंचू धरल्यासारखा तो ऋजुताच्या हातात दिला.

"कोरडे आहेत ना हे?" मामींनी नमस्कार चमत्कार काही केला नाही.

"हो मामी. अगदी कोरडे."

"पडले नाहीत?"

"पडले. पण कोरडे आहेत. थेंबसुद्धा आत गेला नाही."

"आणि मासा?"

"सुटला," ऋजुता म्हणाली. "मामांनीच सोडला." तिचे दात पुन्हा वाजले. तिने स्वेटरची मान वर ओढली. "मामी, तुमचा स्वेटर फार ऊबदार आहे हो."

मामी हुशार बाई. स्वेटर कुणाच्या अंगात होता आणि आता कुणाच्या अंगात आहे, याचा हिशेब त्यांनी वॉटफर्डच्या किचनमध्ये उभ्या उभ्या केला. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बदलला होता.

"मला तूसुद्धा कोरडी हवी होतीस गं. सांगायचं राहिलं माझं."

इतका वेळ ऋजुता रडली नव्हती. आता तिला रडू फुटलं. परीक्षितने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मामा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि उगाच नाक शिंकरू लागले.

"बरं, रडू नकोस," मामी जरा वेळाने म्हणाल्या. "पण मला एक सांग. स्वेटर तुझ्या अंगात, मग हे काय घालून बसलेत?"

ऋजुताने डोळे पुसले आणि मामांकडे पाहिलं. मामांनी घाईघाईने ब्लँकेट गळ्याशी आवळलं, पण उशीर झाला होता. पातळ लोकरी बनियनचा कुठे मागमूस नव्हता. आत दिसत होतं ते पांढरंशुभ्र, सुती, तिने सक्त मनाई केलेलं, आणि ठणठणीत कोरडं.

"बनियन," ती म्हणाली.